पुठ्ठ्याच्या पटावर जागेचं भाडं: अभ्यासवर्ग घेणाऱ्यांसाठी

गरिबी का आहे, असं विचारलं की लोक आळस, दारू, नशीब आणि सरकार या चार शब्दांत उत्तर देतात. तिथे व्याख्यान देऊन फारसं काही होत नाही, मान डोलावून लोक घरी जातात. त्याऐवजी चार माणसांना एका पटाभोवती बसवा आणि पाऊण तास फासा टाकू द्या. मग हाच प्रश्न विचारा, वेगळी उत्तरं येतील.

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी या बाईंनी १९०४ साली ‘जमीनदाराचा खेळ’ या अर्थाच्या नावाने पेटंट घेतलं. पुढे ज्यातून मोनोपॉली निघाली आणि आपल्याकडे घराघरांत ‘व्यापार’ नावाचा खेळ खेळला गेला, तो हाच पट. मॅगीबाई अमेरिकी अर्थविचारवंत हेन्री जॉर्ज यांच्या विचाराच्या होत्या. जॉर्ज यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणसाने कष्ट करून बांधलं, पिकवलं, ते त्याचं. पण जागेची किंमत मालकाच्या कष्टाने वाढत नाही, ती शेजारी रस्ता, बाजार, शाळा आल्याने वाढते. म्हणून कर कष्टावर न लावता जागेच्या किमतीवर लावा. हे पटवून देण्यासाठी मॅगीबाईंनी एकाच पटाचे दोन नियम केले. एकात भाडं मालकाच्या खिशात जातं, दुसऱ्यात सगळ्यांच्या तिजोरीत. आज बाजारात मिळतो तो फक्त पहिला नियम. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने बाईंचं पेटंट ५०० डॉलरना विकत घेतलं, आणि दुसरा नियम अडगळीत गेला.

पुढची मांडणी चार संध्याकाळींची आहे. पहिल्या संध्याकाळी पटावरचे डाव; ती नीट झाली तर बाकीच्या आपोआप चालतात, म्हणून तिच्यावरच जास्त लिहिलं आहे.

पट आणि सामान

बाजारातला व्यापार वापरू नका. त्यातल्या किमती आवृत्तीगणिक बदलतात, खेळ तीन-तीन तास लांबतो आणि लोक लहानपणीचे डावपेच खेळू लागतात. पट घरी करा. एका टेबलाला एक मोठा ड्रॉइंग शीट पुरतो, मागे पुठ्ठा चिकटवा. कडेने २० चौकोन आखा:

– १ चौकोन ‘श्रम’. इथून सुरुवात. इथे थांबलं किंवा इथून पुढे गेलं की १०० रुपये मजुरी.
– १२ जागा. चार माळावरच्या (किंमत ६०, भाडं १०), चार आळीतल्या (किंमत १००, भाडं २०), चार पेठेतल्या (किंमत १४०, भाडं ३०).
– २ चौकोन ‘किराणा’, प्रत्येकी ३० रुपये बँकेत.
– १ चौकोन ‘आजारपण’, ४० रुपये बँकेत.
– ४ मोकळे.

जागांना तुमच्या गावातली खरी नावं देण्याचा मोह आवरा. ‘स्टँडसमोरची जागा’ चालेल, पण खऱ्या वाड्याचं, खऱ्या गटाचं नाव नको. पटावर तंटा सुरू झाला की तो भावकीवर जातो, आणि मग खेळ कुणीच खेळत नाही.

फासा एकच. दोन फासे घेतले तर चक्कर लवकर संपते, मजुरी पटापट मिळते आणि सगळा हिशेब बिघडतो. नोटा रंगीत कागदाच्या कापा. एका टेबलाला १०० च्या ३२, ५० च्या १८, २० च्या ३२ आणि १० च्या ४६ लागतात. प्रत्येक खेळाडूला ५०० रुपये द्या: १०० च्या ३, ५० च्या २, २० च्या ३, १० च्या ४. उरलेल्या बँकेत. १० च्या नोटा कमी कापल्या की सुट्ट्यासाठी खेळ थांबतो. सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. मालकी दाखवायला चार प्रकारची कडधान्यं घ्या. वाल, हरभरा, राजमा, चवळी एकमेकांत मिसळले तरी ओळखू येतात. घरांसाठी काड्यापेटीच्या काड्या मोडून ठेवा. एक स्टीलचा डबा बाजूला असू द्या, तो दुसऱ्या डावात लागेल.

टेबलावर चार खेळाडू आणि पाचवा खजिनदार. हा पाचवा माणूस हिशेबाचा पक्का हवा, खेळणारा नको. एका वेळी पाच टेबलांपेक्षा जास्त नको. पहिल्यांदा घेत असाल तर दोनच ठेवा.

पहिला डाव

काहीही समजावून सांगू नका. जॉर्ज नाही, मॅगी नाही, कर नाही. आधी सांगितलं की लोक तुम्हाला हवं तसं खेळतात, आणि मग नंतरची चर्चा म्हणजे नुसती उजळणी होते. नियम एवढेच सांगा:

१. रिकाम्या जागेवर थांबलात तर छापील किमतीला घेता येते. घेतली नाही तर तशीच राहते, लिलाव नाही.
२. दुसऱ्याच्या जागेवर थांबलात तर भाडं मालकाला.
३. आपल्या जागेवर एक घर बांधता येतं, खर्च ४० रुपये, बँकेला. घर असेल तर येणाऱ्याने जागेच्या भाड्यावर आणखी २० द्यायचे.
४. सगळ्यांच्या सहा-सहा खेळ्या झाल्या की एक टप्पा संपला. टप्पा संपला की खजिनदार ओरडून सांगतो, “गावात रस्ता आला!” आणि प्रत्येक जागेचं भाडं १० ने वाढतं. पुढच्या टप्प्याला नळ येतो, मग शाळा. मजुरी तीच राहते.
५. एकूण चार टप्पे, म्हणजे २४ फेऱ्या. त्यानंतर थांबायचं.

पैसे संपले तर घर किंवा जागा बँकेला अर्ध्या किमतीत द्यायची, नाहीतर दुसऱ्या खेळाडूकडून उसने घ्यायचे. व्याज किती ते दोघांनी ठरवावं, खजिनदाराने फक्त कागदावर लिहून घ्यावं. कुणालाही बाद करू नका. ज्याच्याकडे काहीच उरलं नाही, तो फिरत राहतो, मजुरी घेतो आणि असेल तेवढं देतो. बाद झालेला माणूस मोबाइल काढून बसतो, आणि चर्चेत त्याचंच म्हणणं सगळ्यात मोलाचं असतं.

खजिनदाराने प्रत्येक टप्प्याच्या शेवटी प्रत्येकाचे चार आकडे लिहायचे: हातातली रोकड, जागा किती, मिळालेलं भाडं, मिळालेली मजुरी. शेवटचे दोन आकडे खुणांनी मोजत गेलं तरच जमतात. टप्पा संपल्यावर आठवून लिहू पाहाल तर चुकणारच.

हे आकडे असेच का, ते तुम्हाला माहीत असलं पाहिजे. खेळणाऱ्यांना सांगायचं नाही. एका फाशाची सरासरी साडेतीन. २० चौकोनांच्या चकरेला साधारण पावणेसहा खेळ्या लागतात, म्हणजे एका टप्प्यात जवळजवळ एक चक्कर. त्यात माणूस साधारण ३.४ वेळा जागेवर थांबतो. मजुरी १००, त्यातून किराणा आणि आजारपण सरासरी २९ जातात, उरतात ७१. ज्याच्याकडे एकही जागा नाही, त्याला सगळ्या जागा विकल्या गेल्यावर पहिल्या टप्प्याच्या दराने चकरेला ६९ रुपये भाडं पडतं, म्हणजे जेमतेम भागतं. दुसऱ्या टप्प्याच्या दराने १०३, तिसऱ्यात १३७, चौथ्यात १७१. घरांचं भाडं यात धरलेलं नाही. मजुरीत भागेनासं होतं ते दुसऱ्या टप्प्यापासून, तेही माणूस पूर्वीइतकाच फिरत असताना. प्रत्यक्षात पहिल्या टप्प्यात बऱ्याच जागा रिकाम्या असतात, त्यामुळे टोचायला सुरुवात तिसऱ्यात होते. त्या वेळी टेबलांवरचा आवाज बदलतो. “अरे, परत तुझ्याच जागेवर!” ही वाक्यं कानावर पडली की टिपून ठेवा. चर्चेची सुरुवात त्यांनीच करायची आहे.

डाव संपल्यावर दहा मिनिटं चहा द्या आणि तक्ता भिंतीवर लावा. तीनच प्रश्न विचारा. पहिल्या आलेल्याला मजुरीतून किती मिळाले आणि भाड्यातून किती? रस्ता कोणी बांधला? रस्त्याचे पैसे कोणाला मिळाले? दुसऱ्या प्रश्नावर सगळे गप्प होतात, कारण पटावर रस्ता कोणीच बांधलेला नसतो. तो नुसता ‘आला’. त्या गप्पपणात तुम्ही बोलू नका. अर्धं मिनिट खूप वाटतं, पण थांबा.

जिंकणाऱ्याची टिंगल होऊ देऊ नका. त्याने नियम मोडलेला नाही. इथे सावकार-जमीनदार म्हणून हसायला सुरुवात झाली की ज्यांच्या घरी खरोखर चार गाळे आहेत ती मंडळी पुढच्या आठवड्याला येत नाहीत. त्यांच्याशिवाय वर्ग चालवणं म्हणजे आपल्याच माणसांना आपलंच सांगणं.

दुसरा डाव

तोच पट, तेच खेळाडू, पुन्हा ५०० रुपये. बदल चार:

– जागा विकत घ्यायची नाही. थांबलात, रिकामी आहे, तर आपला दाणा ठेवा आणि ताबा घ्या.
– जागेचं भाडं मालकाला नाही, डब्यात. अगदी ताबेदार स्वतः थांबला तरी डब्यात.
– घराचे २० रुपये मात्र घर बांधणाऱ्याला. ते त्याच्या कष्टाचे.
– टप्प्याच्या शेवटी ज्या जागेवर घर नाही, तिच्या ताबेदाराने एका वेळचं चालू भाडं डब्यात भरायचं किंवा जागा सोडायची. मग डबा उघडून चौघांत सारखं वाटप. न वाटली जाणारी चिल्लर पुढच्या टप्प्याला.

चौथा नियम विसरला जातो आणि मग दुसरा डाव फसतो. तो नसेल तर जागा अडवून ठेवणाऱ्याला काहीच झळ बसत नाही, आणि पट भरून दाणे पण घर एकही नाही अशी गंमत दिसते. नियम लागू असेल तर दुसऱ्या टप्प्यापासून लोक रिकाम्या जागा टाकू लागतात आणि काड्या वाढतात.

डाव संपला की तुलना करताना एक पथ्य पाळा. एकूण पैशांची तुलना करू नका. दुसऱ्या डावात जागेची किंमत बँकेत गेलेलीच नाही, त्यामुळे सगळ्यांच्याच हातात जास्त रोकड राहते. चाणाक्ष माणूस हे लगेच पकडतो, आणि त्याचं बरोबर आहे. तुलना करायची ती पहिल्या आणि शेवटच्या खेळाडूमधल्या अंतराची, आणि पटावरच्या घरांच्या संख्येची. मॅगीबाईंच्या दुसऱ्या नियमात सगळ्यात गरीब खेळाडूचे पैसे दुप्पट झाले की सगळेच जिंकत. आपल्या २४ फेऱ्यांत तिथवर पोहोचता येत नाही, म्हणून ती अट इथे घेतलेली नाही.

स्वतःहून सांगून टाका: हा खेळ काही सिद्ध करत नाही. रस्ता आला की १० रुपये वाढतात हे पट बनवणाऱ्यानेच ठरवलेलं आहे. भाडं आणि मजुरी कुठे वेगळी होतात, ते डोळ्यांसमोर आणणं एवढंच त्याचं काम. कुणाला शंका असेल आणि वेळ असेल, तर तिसरा डाव द्या: पहिलाच नियम, पण सुरुवातीला माळाची, आळीची आणि पेठेची एकेक जागा प्रत्येकाला फुकट. अंतर किती कमी होतं आणि किती तसंच राहतं, ते त्यांनाच मोजू द्या.

दुसरी संध्याकाळ: रेडी रेकनर

आता कागदी नोटा सोडून खरे आकडे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते असतात, त्यांनाच रेडी रेकनर म्हणतात. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की विभागवार दर दिसतात, आणि त्यात खुली जमीन, निवासी सदनिका, कार्यालय, दुकान यांचे वेगवेगळे रकाने असतात, बहुतेक दर चौरस मीटरला. प्रत्येकाला दोन विभागांचे दर उतरवून आणायला सांगा: एक स्वतः राहतो तो, दुसरा त्याच शहरातला स्टेशन किंवा मुख्य बाजाराजवळचा.

इथे हमखास होणारी चूक अशी. समजा तक्त्यात खुली जमीन ४०,००० आणि सदनिका ७०,००० आहे, आणि बांधकामाचा खर्च ३०,००० धरला. लोक म्हणतात, “बघा, चाळीस नि तीस सत्तर, जमलं!” जमलेलं नाही. जमिनीचा दर भूखंडाच्या मीटरला आहे, सदनिकेचा बांधलेल्या मीटरला. एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक) २ असेल तर एका मीटर जमिनीवर दोन मीटर बांधकाम होतं, म्हणजे बांधलेल्या मीटरमागे जमीन २०,००० चीच. उरलेल्या २०,००० मध्ये बिल्डरचं व्याज, परवानग्या, विक्रीखर्च, नफा सगळं आलं. (हे आकडे फक्त सरावासाठी आहेत.) ही फोड घाईत करू नका, आणि तुमच्या भागातला एफएसआय आर्किटेक्टला विचारून घ्या, कारण रस्त्याच्या रुंदीप्रमाणे तो बदलतो.

फोड अवघड जात असेल तर सोपा मार्ग: फक्त दोन विभागांतल्या सदनिकांचे दर शेजारी शेजारी ठेवा. सिमेंट, सळई, गवंड्याची मजुरी एकाच शहरात जवळपास सारखी. मग दरात जो फरक आहे तो कशाचा? पेठेचा आणि माळाचा.

लगेच मेट्रोकडे वळा, कारण तो प्रश्न येणारच. मुंबई, पुणे, नागपूर इथे घर घेताना मुद्रांक शुल्कासोबत किमतीच्या १ टक्का मेट्रो अधिभार आहे, तो एप्रिल २०२२ पासून पुन्हा सुरू झाला. मेट्रोमुळे वाढलेल्या किमतीतला वाटा सरकार घेतं, असं वरवर दिसतं. पण तो भरतो खरेदीदार, घरासकट सगळ्या किमतीवर, आणि व्यवहार झाला तरच. मार्गालगतचा भूखंड वीस वर्षं पत्रे मारून ठेवणाऱ्याला त्यातला एक रुपया लागत नाही. दुसऱ्या डावातला चौथा नियम आठवतोय का, एवढंच विचारा.

तिसरी संध्याकाळ: “हा तर शेतसाराच की!”

हा आक्षेप कुणी घेतला नाही तर तुम्ही घ्या. कारण जमिनीच्या ‘निव्वळ उत्पन्ना’वर कर ही कल्पना पुणे जिल्ह्यात येऊन गेली आहे, आणि ती आपटली.

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचा भाड्याचा सिद्धान्त डोक्यात घेऊन प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने १८२० च्या दशकाच्या अखेरीस दख्खनची मोजणी केली. पिकाच्या किमतीतून लागवडीचा खर्च वजा करायचा, उरेल त्यातला मोठा हिस्सा सरकारचा. कागदावर चोख. प्रत्यक्षात हाताखालच्यांनी आणलेले उत्पन्नाचे आकडे फुगलेले होते, आणि आकारणी इतकी जड बसली की इंदापुरात लोक जमिनी टाकून गेले. १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विन्गेट या अधिकाऱ्यांनी तो हिशेबच सोडून दिला. मातीची खोली आणि रंग पाहून जमिनीच्या नऊ प्रती ठरवल्या आणि सारा तीस वर्षांसाठी बांधून दिला. तीस वर्षं संपली ती नेमकी कापसाची तेजी ओसरल्यावर. फेरआकारणीत सारा वाढला, सावकारी देणं आधीचंच होतं, आणि १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या.

मोजमाप चुकलं तर जागेच्या भाड्यावरचा कर मजुरीवर पडतो, हे इंदापूरने दाखवलं. जॉर्जवाद्यांच्या उत्तराचा गाभा असा की कर शेताच्या पिकावर नसून ठिकाणाच्या बाजारभावावर हवा, त्यामुळे त्याचा भार शहराच्या पेठेवर, दुष्काळी माळावर जवळपास शून्य. उत्तर बरंच पटण्यासारखं आहे. पण बाजारभाव ठरवणार कोण आणि किती वर्षांनी, याचं उत्तर त्यात नाही, हेही सांगा. कोकणातला गट असेल तर अलिबागजवळच्या चरी गावच्या संपाकडे या: २७ ऑक्टोबर १९३३ पासून १९३९ पर्यंत कुळांनी खोतांची, म्हणजे तिथल्या जमीनदारांची, शेतं कसली नाहीत. तिथे भाडं कोणाला, हा प्रश्न पटावरचा नव्हता.

आणखी दोन आक्षेप तयार ठेवा. पेठेत वाडा आहे पण उत्पन्न नाही, अशा आजीने कर कसा भरायचा? रूढ उत्तर: कर साठू द्यायचा आणि वाडा विकताना किंवा वारसांकडून घ्यायचा. दुसरा: मालक हा कर भाडेकरूवर ढकलेल. पुस्तकी उत्तर असं की जागा नव्याने तयार करता येत नाही, मालक आधीच बाजार देईल तेवढं भाडं घेत असतो, म्हणून ढकलता येत नाही. पण पागडीच्या जुन्या खोल्यांत भाडं बाजारभावाच्या कितीतरी खाली बांधलेलं आहे. तिथे हे उत्तर लागू होत नाही. गिरगाव-परळचे लोक वर्गात असतील तर ते तुम्हाला पाचव्या मिनिटाला पकडतील.

जगात हे कुठे केलं आहे का, असं विचारतील. अमेरिकेतल्या पिट्सबर्गने १९१३ ते २००१ या काळात इमारतीपेक्षा जमिनीवर जास्त दराने कर लावला, पुढे तो रद्द झाला. एस्टोनियात १९९३ पासून कर फक्त जमिनीवर आहे, वरच्या इमारतीवर नाही. दोनच उदाहरणं द्या, दहा देशांची यादी लक्षात राहत नाही.

चौथी संध्याकाळ: पगाराची पावती

तीन संध्याकाळी जागेवरच बोलल्यावर लोकांना वाटू लागतं की गरिबीवर एवढा एकच उपाय आहे. तो गैरसमज इथेच मोडा. नोकरदारांना पगाराची पावती आणायला सांगा (नाव आणि खातेक्रमांक झाकून). त्यात ‘व्यवसाय कर’ असतो, बहुतेकांना महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. तो कशासाठी सुरू झाला, हे वर्गात एखाद्यालाच माहीत असतं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेसाठी महाराष्ट्राने १९७५ मध्ये हा कर लावला. मागेल त्याला काम देण्याचा कायदा १९७७ मध्ये झाला.

आता हा कर पटावर बसवायला सांगा. गट करा, प्रत्येक गटाला कोरा शीट आणि पंधरा मिनिटं. मजुरीच्या १०० मधून किती कापायचे, ते कोणत्या चौकोनावर मिळायचे, आणि त्या पैशातून झालेलं काम, म्हणजे पाझर तलाव किंवा रस्ता, ज्याच्या जागेजवळ पडलं त्याचं भाडं वाढलं तर त्याने काय द्यायचं. शेवटच्या कलमावर गट हमखास भांडतात. शीट भिंतीवर लावा, आणि पुढच्या वेळी खेळ त्यांच्याच नियमांनी सुरू करा.